दम देणे आणि दम धरणे



रविवारची मिस्सा संपली की आपल्या देवळाच्या आवारात दोन-तीन मुले पांढऱ्या पोशाखात दिसतात. कमरेला रंगीत पट्टा, पाठीला पिशवी. इथून ती थेट कराटेच्या क्लासला पळतात. मागे एका रविवारी त्यांच्याकडे बघत एका आजोबांनी आम्हांला विचारले, "फादर आत्ताच सांगून गेले, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा. आणि ही पोरे इथून उठून मारामारी शिकायला चालली. यातले खरे कोणते धरायचे?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर तो प्रश्न पाठ सोडीना. कारण प्रश्न कराटेचा नव्हताच. हात आपण क्वचितच उचलतो, जीभ मात्र दिवसातून दहा वेळा उचलतो. बांधावर, रेशनच्या रांगेत, कर्जत लोकलच्या दारात, स्वयंपाकघरात. तिथे ख्रिस्ती माणसाने काय करायचे? मार खाऊन गप्प बसायचे, की जशास तसे उत्तर द्यायचे? की या दोन्हींपेक्षा वेगळी अशी तिसरी वाट आहे?

आधी पडायला शिका

या मुलांना क्लासमध्ये काय शिकवतात ते आम्ही समजून घेतले, आणि थोडे चकित झालो. सराव नमस्काराने सुरू होतो आणि नमस्कारानेच संपतो. कराटेचा जपानभर प्रसार करणारे फुनाकोशी गिचिन हे पेशाने शाळामास्तर होते. पहिला वार आपला नसतो, हे ते शिष्यांच्या मनावर बिंबवत.

ज्यूदोची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १८८२ साली टोकियोत कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने ही विद्या सुरू केली. 'जू' म्हणजे मऊ, नमते घेणारे आणि 'दो' म्हणजे मार्ग. (पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनाही 'मार्गाचे लोक' म्हणत, हे प्रेषितांची कृत्ये वाचणाऱ्यांना आठवेल.) कानो सांगत : समजा, समोरच्याची ताकद दहा आहे आणि आपली सात. तो ढकलतो आहे आणि आपणही ढकलत राहिलो, तर आपण हरणारच. पण त्याच्या ढकलण्याबरोबर आपण किंचित मागे सरकलो, तर त्याचाच तोल जातो आणि आपली सात पुरून उरते.

आणि ज्यूदोचा पहिला धडा कोणता? पाडणे नव्हे, पडणे! हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात सतरंजीवर आपटून धक्का जिरवायचा. मुले कितीतरी दिवस नुसती पडत असतात. ज्याला पडायची भीती वाटते त्याचे अंग ताठ होते, आणि ताठ अंगाचा माणूसच हाड मोडून घेतो.

हे आपल्या बोलण्याला किती लागू पडते बघा. घरातले भांडण चिघळते ते बहुधा एकच वाक्य कोणाच्या तोंडून निघत नाही म्हणून : "माझे चुकले." हे वाक्य म्हणजे बोलण्यातले पडणे. ज्याला ते जमते तो पडूनही उठतो. ज्याला जमत नाही तो ताठ उभा राहतो आणि नाते मोडून घेतो. प्रायश्चित्त संस्कार आपल्याला दुसरे काय शिकवतो? गुडघ्यावर येऊन चूक बोलून दाखवायची आणि हलके होऊन उठायचे.

आपल्या मातीतला दम

जपानपर्यंत कशाला जायला हवे? आपल्या रायगडचा जीव कबड्डीत आहे. चढाईला गेलेला गडी समोरच्या अंगणात एकटा असतो. त्याच्याजवळ हत्यार काही नाही, आहे तो एक श्वास. तो टिकला तर सात जणांतून परत येता येते. घाई केली, राग आला, एकावरच झेपावत बसला, की दम सुटला आणि गडी बाद.

आपल्या भाषेने या 'दम' शब्दाला दोन क्रियापदे जोडली आहेत. दम देणे म्हणजे धमकावणे आणि दम धरणे म्हणजे थांबणे, सोसणे, वाट पाहणे. गंमत अशी, की दम देणाऱ्याचाच दम लवकर सुटतो. ओरडून ओरडून तोच धापा टाकतो. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी उठून पुन्हा तेच भांडण मनात सुरू. समोरच्याचे काय बिघडले ते देवाला ठाऊक, आपले आरोग्य मात्र आपण आपल्या तोंडाने घालवलेले असते. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असे संत पौलाने इफिसकरांना लिहिले, ते केवळ आत्म्याच्या भल्यासाठी नसावे. शांत झोप हीसुद्धा देवाचीच देणगी आहे.

याकोबाच्या पत्रात जिभेला लहानशा ठिणगीची उपमा दिली आहे, सारे रान पेटवणाऱ्या ठिणगीची. आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात आपल्या डोंगरांवर वणवा लागतो तो कोणाच्या तरी विझवायच्या राहिलेल्या एका विडीने. विडी टाकणारा कधीच घरी पोचलेला असतो. डोंगर मात्र रात्रभर जळत राहतो.

उंबरखिंडीत एक बाई बोलली

आपल्या खालापूर तालुक्यातच या विषयाचा एक मोठा धडा घडून गेला आहे. खोपोलीहून पालीकडे जाताना चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला तिथे लढाई झाली. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखान नावाच्या सरदाराला मोठ्या सैन्यानिशी कोकणात पाठवले. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने तो खाली उतरला. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना डोंगर, दाट झाडी. शिवाजी महाराजांच्या माणसांनी पुढची आणि मागची दोन्ही तोंडे बंद केली. खानाची खरी ताकद म्हणजे त्याचे मोठे सैन्य आणि जड सामान. त्या चिंचोळ्या वाटेत तेच त्याच्या गळ्यातला धोंडा झाले. ज्यूदोवाल्यांना दुसरे उदाहरण शोधायला नको.

पण आम्हांला सांगायचे आहे ते यापुढचे. खानाबरोबर माहूरची रायबागन ही शूर स्त्री होती, मोगलांच्या बाजूने लढणारी. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. कोंडीत सापडलेल्या खानाने तिला सल्ला विचारला. तिने त्याला बरे वाटेल असे काही सांगितले नाही. या रानात सैन्य घेऊन शिरलात हीच चूक झाली, हे तिने स्पष्ट सांगितले. पण ती चुकीपाशी थांबली नाही. आता हट्ट सोडा, शरण जा, स्वतःला आणि सैन्याला मरणातून सोडवा, अशी बाहेर पडायची वाट तिने दाखवली. खानाने ऐकले. वकील पाठवला. महाराजांनी सारे सामान टाकून जाण्याची अट घातली आणि शरण आलेल्यांना अभय देऊन वाट मोकळी केली.

लढाई ती लढाईच. आम्ही तिला डोंगरावरील प्रवचन म्हणत नाही. पण तीन माणसांनी त्या दिवशी काय केले ते पाहा. एकीने कटू सत्य हिताच्या हेतूने सांगितले. दुसऱ्याने ताठा सोडून ते ऐकले. तिसऱ्याने, सारे हातात असताना, हरलेल्याला जायला वाट ठेवली. या तिघांपैकी एकाने जरी हट्ट धरला असता, तरी त्या खिंडीतून किती जण जिवंत बाहेर पडले असते?

अबीगईलच्या भाकरी

पवित्र शास्त्रात अशीच एक स्त्री आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय या आठवड्यात घरी जरूर वाचा. दाविदाच्या माणसांनी नाबालाच्या मेंढपाळांना रानात सांभाळले होते. लोकर कातरणीच्या सणाला त्यांनी थोडे अन्न मागितले, तेव्हा नाबालाने त्यांचा अपमान करून परत पाठवले. दाविदाने चारशे माणसे घेऊन तलवारी कमरेला बांधल्या. नाबालाच्या घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत ठेवणार नाही, अशी त्याने शपथ घेतली.

नाबालाची पत्नी अबीगईल हिला हे कळले. तिने दोनशे भाकरी, द्राक्षारस, तयार केलेली मेंढरे, भाजलेले धान्य, मनुका आणि अंजिरांच्या वड्या गाढवांवर लादल्या आणि ती वाटेतच दाविदाला गाठायला निघाली. आधी ती गाढवावरून उतरली आणि पाया पडली. मग दोष स्वतःवर घेतला, जो खरे तर तिचा नव्हता. आणि मग तिने दाविदाला त्याच्याच मोठेपणाची आठवण दिली : उद्या देव तुम्हांला राजा करील, तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताची टोचणी तुमच्या मनाला लागू नये.

तिने दाविदाला वाईट ठरवले नाही. त्याच्यातला चांगला माणूस तिने हाक मारून पुढे बोलावला. दाविद थांबला, आणि आपल्याला अडवल्याबद्दल त्याने तिला आशीर्वाद दिला. रायबागनने हरणाऱ्याला वाकायला सांगितले, अबीगईलने जिंकणाऱ्याला थांबायला सांगितले. दोघींच्या हातात तलवार नव्हती. तलवारीने जे झाले नसते ते शब्दांनी झाले.

मऊ म्हणजे दुबळे का?

इथे कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण मऊ बोलणाऱ्याला लोक तुडवून जातात. शंका रास्त आहे. वीटभट्टीवर उचल फेडण्यासाठी राबणाऱ्या आपल्या कातकरी भावंडांना कोणी 'नम्र राहा' असा उपदेश करू लागला, तर तो उपदेश अन्यायाच्याच उपयोगी पडेल.

म्हणून प्रभू येशूकडेच पाहू या. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशूने उलट मारले नाही. पण तो गप्पही बसला नाही! योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून पाहा. माझे बोलणे चुकीचे असेल तर दाखवून दे, बरोबर असेल तर मला का मारतोस, असा प्रश्न त्याने विचारला. ज्याने दुसरा गाल पुढे करायला शिकवले, त्यानेच हे केले. याचा अर्थ दुसरा गाल पुढे करणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. ताठ मानेने, हात न उचलता, मारणाऱ्याला त्याच्याच विवेकापुढे उभे करणे, हा त्याचा अर्थ आहे. आजोबांना आम्ही त्या दिवशी हे सांगायला हवे होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. घरात जिला मारहाण होते, त्या भगिनीला 'गोड बोल, सगळे ठीक होईल' असे सांगणारे आम्ही नाही. वाराच्या रेषेतून बाजूला होणे हाही डाव आहे, किंबहुना पहिला डाव आहे. अशा वेळी माहेरची माणसे, शेजारी, सिस्टर, फादर, पोलीस यांपैकी जो जवळ असेल त्याला सांगावे. घरातील हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा तिच्यासाठीच आहे.

गोड बोलणे आणि हिताचे बोलणे

दुसरी शंका याहून अवघड आहे. समोरच्याचे मन वळवणे ही चलाखी नाही का? एदेन बागेतला सर्पही गोडच बोलला होता. त्यानेही सुरुवात प्रश्नानेच केली होती. येशूनेही शिपायाला प्रश्नच विचारला. मग फरक काय?

कुस्तीतली पकड एकच असते. तिने गडी धरून ठेवता येतो आणि मानही मोडता येते. शब्दांचेही तसेच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. कोऱ्या कागदावर अंगठा घेणारी गोड जीभ आपल्या वाड्यांनी चांगली ओळखली आहे. अशा बोलण्यात आणि अबीगईलच्या बोलण्यात फरक ओळखायचा तर आम्हांला दोन कसोट्या सुचतात. पहिली : माझ्या मनात काय आहे ते समोरच्याला पूर्ण कळले, तरी मी हेच बोलेन का? दुसरी : माझे बोलणे संपल्यावर तो अधिक मोकळा होईल, की अधिक अडकेल? सर्पाला पहिली कसोटी झेपली नसती. अबीगईलने तर मनातले सगळे उघड सांगूनच दाविदाला थांबवले.

कानोंनीही ज्यूदोचे ध्येय केवळ जिंकणे असे मानले नाही. आपले आणि दुसऱ्याचे, दोघांचे भले, हे त्यांचे एक सूत्र होते. संत इग्नेशियस लोयोला हे मुळात सैनिक. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडून ते पडले, आणि त्या पडण्यातूनच नवा माणूस उठला. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बोलण्या-ऐकण्याचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या म्हणण्याचा शक्यतो चांगला अर्थ घ्यावा. तो घेता येत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते त्यालाच विचारावे. आणि तो खरोखर चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. हा नियम आपण पाळला, तर तलाठी कार्यालयाबाहेर सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे किती सख्खे भाऊ पुन्हा एका ताटात जेवतील!

या आठवड्यासाठी

उपदेश पुष्कळ झाला. आता करायचे काय? सरावाशिवाय डाव अंगी मुरत नाही. म्हणून चारच गोष्टी.

पहिली, दम धरा. उत्तर देण्याआधी एक लांब श्वास घ्या आणि सावकाश सोडा. तेवढ्यात 'प्रभू येशू' एवढे नाव घेऊन होते.

दुसरी, आधी ऐकल्याची पोच द्या. अमेरिकेत जॉर्ज थॉम्प्सन नावाचे साहित्याचे प्राध्यापक पोलीस झाले. तापलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे पुढे त्यांनी पोलिसांना शिकवले आणि त्याला नाव दिले 'शब्दांचा ज्यूदो'. त्यांचा अनुभव असा, की रागावलेल्याला "शांत हो" म्हटले की तो आणखी भडकतो. त्यापेक्षा "म्हणजे तुझे म्हणणे असे आहे ना?" असे म्हणून त्याचेच म्हणणे त्याला ऐकवावे. आपले कोणीतरी ऐकले, एवढ्यानेच माणूस अर्धा निवतो. सुनेला, सासूला, वयात आलेल्या मुलाला हे करून पाहा.

तिसरी, आपला वाटा आधी कबूल करा. वाद दहा आण्यांचा असेल आणि त्यात आपली चूक एकच आणा असेल, तर तो एक आणा आधी मोजून द्या.

चौथी, समोरच्याला जायला वाट ठेवा. बंधूचा अपराध असेल तर आधी एकांतात, दोघांमध्येच सांगा, असे प्रभू मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगतो. आपण मात्र हल्ली आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहितो आणि मग एकांतात पस्तावतो. चारचौघांत कोंडलेला माणूस माघार घेत नाही, कारण माघारीला जागाच नसते. राज्य शासनाने २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिचा पायाही हाच होता. हार-जीत न करता, समोरासमोर बसवून, दोघांच्या संमतीने तंटा मिटवायचा.

बंधू-भगिनींनो, मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी आपण एकमेकांना शांती देतो. आपण हात जोडतो, मान किंचित लववतो. कराटेच्या क्लासमध्ये ती मुलेही समोरच्याला असाच नमस्कार करून सराव सुरू करतात. फरक एवढाच, की ती ज्याच्याशी सामना करायचा आहे त्याच्याकडे बघून वाकतात. आपण बहुधा शेजारच्या बाकावरच्या ओळखीच्या माणसाकडे बघून वाकतो. ज्याच्याशी आपला खरा तंटा आहे, तो दोन रांगा पलीकडे असतो आणि आपली नजर नेमकी तिथे जात नाही.

येत्या रविवारी ती नजर तिथे जाऊ द्या. दोन रांगा फार लांब नाहीत.

हे प्रभू, तोंडात मार खाऊनही तू सत्य सोडले नाहीस आणि प्रेमही सोडले नाहीस. आमच्या जिभेला लगाम दे, आमच्या छातीला दम दे, आणि पडून पुन्हा उठायचे बळ दे. आमेन.